रोंडोनियात गाय का आली
जंगल तोडून जमीन मिळाली की कुटुंब वर येते असे म्हणतात; हे म्हणणे मला अर्धेच पटते. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन जंगलातील रोंडोनिया राज्यात 1970 पासून सरकारने मोठमोठे भूखंड वाटले; 1975 च्या गोठवणाऱ्या थंडीत दक्षिणेकडच्या पाराना राज्यातील कॉफीचे मळे करपले आणि 1984 मध्ये रोंडोनियाला जाणारा बीआर-364 महामार्ग डांबरी झाला, तशी स्थलांतरितांची रीघ वाढली. पण जाळलेल्या जंगलाच्या राखेने जमिनीला दिलेला कस दोन-तीन हंगामांत ओसरतो, आणि ऐन पेरणीत हिवताप कर्त्या माणसाला आडवा करतो. पुष्कळांनी पुढे गुरे धरली, ती आळसाने नव्हे: पावसात कच्चा रस्ता चिखलात गेला की कॉफीची पोती अडकतात, जनावर मात्र स्वतःच्या पायांनी बाजार गाठते आणि दूध घरखर्च भागवते (आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको). त्यामुळे हमरस्त्यालगतचा आणि आतल्या फाट्यावरचा शेतकरी एकाच मापाने मोजता येणार नाही.