सहा फुटी ड्रायव्हर आणि "सीट मागे घ्या": हा सल्ला आता पुरे करा

अंत्रुजकर
काल या कार्ट रेसिंगच्या फोरमवर एका उंच मुलासाठी सल्ला पडला: "सीट ५ सेंटीमीटर मागे घ्या, गुडघे मोकळे होतील, मागे ग्रिप येईल, काम फत्ते." त्याखाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून सविस्तर लिहितोय.

ड्रायव्हर ८० किलो, कार्टसकट १६५ किलो, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १०५ सेंटीमीटर धरा. पुढच्या चाकांवर ४३ टक्के वजन यायला पाहिजे, म्हणजे ७१ किलो. माणूस ५ सेंटीमीटर मागे सरकला की ८० गुणिले ५ भागिले १०५, सुमारे ३.८ किलो पुढून मागे जातात. (पाय पेडलवरच राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी.) पुढे उरले पावणे एक्केचाळीस टक्के. आता वळणात स्टिअरिंग फिरवा आणि नाक सरळ जाताना बघत बसा.

मुळात उंच माणसाचं दुखणं पुढे-मागे नाहीच, वर-खाली आहे. डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नाही, मागचा एक्सल अखंड, त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक उचललं गेलंच पाहिजे. पण छाती-डोकं उंचावर असलं की ते जास्तच उचलतं, बाहेरचं दबून बसतं, कार्ट उड्या मारते आणि वळणातून निघताना इंजिन गुदमरतं.

उपाय या क्रमानं करा. चेसिसच्या पाइपांखाली प्लायची फळी धरून सीटचा तळ त्या फळीला टेकवा. पाठ थोडी जास्त कलती करा, खांदे आणि हेल्मेट खाली येतात. गुडघ्यांसाठी पेडल पुढच्या भोकात घ्या, सीट नाही. मग मागचा ट्रॅक (मागच्या दोन चाकांची रुंदी) १४०० मिलीमीटरपर्यंत रुंद, एक्सल धरणारं बेअरिंग हाउसिंग वरच्या भोकात म्हणजे चेसिस खाली, आणि शेवटी कॅस्टर (पुढची चाकं ज्या खिळ्यावर वळतात त्याचा मागे कल) कमी.

साळकाठ
अंत्रुजकरबाब, गणित झकास. आता हेच गणित तुमच्या उपायाला लावा. सीट १ सेंटीमीटर खाली, वळणातला जोर २ जी (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट), चाकांची सरासरी रुंदी १२० सेंटीमीटर: फरक सव्वा-दीड किलो. आतून बाहेर एकूण ७० किलोच्या आसपास वजन सरकतं, त्यात हा सव्वा किलो शोधायला दुर्बीण आणा!

आणि हे सगळं कोल्हापूरच्या मोहिते कार्ट ट्रॅकवर, टायरचं रबर डांबरावर बसून ग्रिप वाढल्यावर ठीक. आपल्याकडे डांबरावर लाल मातीची धूळ असते. तिथं ग्रिपच नाही, तर आतलं चाक उचलायचं कशानं? तिथं उंच धड फुकटात चाक उचलून देतं. तेच तुम्ही खाली दाबायला निघालात. शिवाय फळीला टेकलेली सीट कर्बवर (वळणाच्या कडेची उंच पट्टी) घासते. फायबरला तळाशी केसाएवढी चीर पडली की सीट वाकायला लागते, मग कितीही सेटअप करा.

ओळंबा
एक मिनिट. हे ४३ टक्के मोजणार कशावर? बाथरूमच्या काट्यांवर, व्हरांड्यातल्या लाल कोब्यावर? त्या कोब्याला पाणी जायला उतार दिलेला असतो, महाराज. आधी गवंड्याची पाण्याची नळी घ्या, चारही ठिकाणी पाण्याची रेघ मारा, पत्र्याच्या पट्ट्या घालून काटे एका पातळीत आणा. टायरचं प्रेशर नेमकं, टाकी अर्धी, स्टिअरिंग सरळ, ड्रायव्हर हेल्मेट-सूटसकट, नजर समोर. तो मान खाली घालून आकडे वाचायला गेला की पुढचे आकडे खोटे. हे न करता टक्क्यांवर भांडताय!

अंत्रुजकर
काटे बाथरूमचे असले तरी पुढची बेरीज आणि मागची बेरीज बरोबरच येते. थोड्या उतारानं ती हलत नाही. डावी-उजवीचंही तेच. उजवीकडे इंजिन असतं म्हणून सीट जराशी डावीकडे, एवढं त्या काट्यांवर आरामात कळतं.

ओळंबा
आणि कर्ण, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या चाकांवरचं वजन? एका चाकाखाली २ मिलीमीटरची पट्टी सरकवा आणि आकडे बघा. कार्टला सस्पेन्शन नाही, चेसिस हीच स्प्रिंग. पुढचा डावा-उजवा एक-दोन किलोंच्या आत आणायला तुम्ही स्पिंडलचे (पुढच्या चाकाचा दांडा) वॉशर बदलणार, आणि सरळ असलेली कार्ट वाकड्या जमिनीला जुळवून ठेवणार. वरून हे काटे एकदा आकडा दाखवून गोठतात. ड्रायव्हर हलला तरी तोच आकडा!

अंत्रुजकर
कर्णासाठी नळी लावा, मान्य. पण मूळ मुद्दा सोडून गवंडीकाम शिकवायला तुम्हाला कुणी बोलावलं होतं?

ओळंबा
ज्याला पातळी नको त्याच्याशी वजनावर बोलणंच फोल. लावा मग काटे चुलीवर.

शिसेबाज
भांडा खुशाल, पण खरा अन्याय कुणी बोलत नाही. नियम कार्ट आणि ड्रायव्हर मिळून एकूण किमान वजनाचा. ५५ किलोचा मुलगा २५ किलो शिसं पाहिजे तिथं, तळाशी लावतो. ८० किलोच्या उंच मुलाला लावायला शिसंच उरत नाही, त्याचं शिसं त्याच्या खांद्यात. फॉर्म्युला वननं २०१९ पासून ड्रायव्हर आणि सीट मिळून किमान ८० किलोचा (२०२५ पासून ८२) नियम केला, आणि भरीचं वजनही सीटजवळच लावायचं. इथं कोण करणार?

उंच पण किडकिडा असेल तर निदान शिसं सीटच्या पाठीवर ठोकू नका. पिटमध्ये अर्ध्या सीट तशाच दिसतात, कारण तिथं ड्रिल मारणं सोपं. मांड्यांखाली, सीटच्या पुढच्या तळाकडे लावा. ८ मिलीमीटरचे बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, नायलॉक नट. छोटा वॉशर टाकलात तर बोल्ट फायबरमधून आरपार निघतो, आणि मागच्याच्या अंगावर शिसं.

साळकाठ
शिसेबाजांचं पटलं. अंत्रुजकरांचं अर्धं. सीट मागे नको, हे मी कधी नाकारलंच नव्हतं.

अंत्रुजकर
वा, उपकार झाले! तुमच्या सव्वा किलोबद्दल: एकट्या सीटचा तो हिशेब आहे. उंच आणि बुटक्या माणसाच्या गुरुत्वमध्यात ४ सेंटीमीटर फरक धरलात तर ५ किलोंच्या वर जातो. शिवाय पाठ कलली की नुसतं बूड नाही, सगळं धड खाली येतं. धुळीचं मात्र बरोबर आहे. सकाळी ट्रॅक झाडलेला नसताना मी सांगितलेलं सगळं एकदम केलंत तर कार्ट बर्फावर असल्यासारखी फिरेल. तेव्हा सीट खालीच ठेवा आणि मागचा ट्रॅक अरुंद ठेवून सुरू करा. रबर बसत जाईल तसा ५-५ मिलीमीटरनं रुंद करा, दोन्ही बाजूंना सारखाच. हब (एक्सलवर चाक धरणारा तुकडा) सरकवायला दोन मिनिटं लागतात. सीट हलवायला नवी भोकं पाडावी लागतात.

साळकाठ
आणि कर्ब?

अंत्रुजकर
फळीला टेकवा म्हटलं, फळीच्या खाली न्या म्हटलं नाही. त्याखाली ५ मिलीमीटर नेणारे आहेत, त्यांनी दर सेशननंतर कार्ट उलटी करून तळ बघावा.

रेन_टायर
पावसात हे सगळं उलटं, कुणी लिहिलं नाही म्हणून. पाठ ताठ, सीट वर, मागचा ट्रॅक आत, कॅस्टर जास्त. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उंच मुलगा खुशीत असतो.

आणि एक राहिलं: सीट कुठंही बसवा, पण सीट आणि स्टे (चेसिसवरून सीट धरणाऱ्या पट्ट्या) यांच्यात फट असेल तर बोल्ट आवळून सीट ओढू नका. फटीएवढे स्पेसर घाला. ओढून बसवलेली सीट चेसिसला बांधून ठेवते, आणि मग लोक आठवडाभर कॅस्टर फिरवत बसतात.

ओळंबा
स्पेसर मोजायला तरी काही लावता, की तेही अंदाजे?

रेन_टायर
व्हर्नियर.

ओळंबा
बरं.