पंगास माशाचं फिलेट (बिनकाट्याचे काप) करायला कुठे शिकवतात?

मंडळी, मदत हवी आहे. गावात आम्ही काही जण शेततळ्यात पंगास करतो. मासा जोमात वाढतो, घोडं अडतं विक्रीला. हॉटेलवाल्यांना व्हिएतनामचा गोठवलेला बासा हवा. पांढरा, बिनकाट्याचा, वर्षभर एकसारखा. जात तीच हो! पण आपल्या तळ्यातल्या माशाचं मांस पिवळसर निघतं आणि व्यापारी तिथेच भाव पाडतो. पाणी भरपूर बदललं की रंग सुधारतो, पण उन्हाळ्यात पाणी आणायचं कुठून? खाद्य बदलून कुणाला फरक पडलाय का?

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत फिलेट-पॅकिंगचं प्रशिक्षण कुणी घेतलंय का? मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. बायकोच्या नावाने अर्ज करायचाय, कागदपत्रं कोणती लागली ते सांगा.