मदत हवी आहे: पार्किंगमधल्या लॉकच्या प्लास्टिक टाइल्स सरकतात आणि दुपारी फुगतात

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण यावरून घरात रोज ऐकून घ्यावं लागतंय म्हणून धागा काढते.

आम्ही नागपूरला राहतो. घराला लागून गाडीची जागा आहे, १० बाय १८ फूट. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत, पश्चिमेला रुळावर सरकणारं गेट. खाली जुना घोटलेला कोबा. त्याला भेगा पडल्यात आणि झाडू मारला की सिमेंटची पूड निघते. तो फोडून नवा करायचा खर्च ऐकला आणि जानेवारीत मी एकात एक अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल्स मागवल्या. फूट बाय फूट, काळ्या, खालून बारीक पाय असलेल्या, पॉलिप्रॉपिलीनच्या. गेटपाशी उताराच्या पट्ट्या. दोन रविवार खपून स्वतः बसवल्या. भिंतीला आणि कॉलमला अशा खेटून कापल्या की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. तेव्हा फार अभिमान वाटला होता.

फेब्रुवारीपासून गेटपाशी फट दिसायला लागली, चांगली दोन बोटं. पायाने ढकलून बसवायची, चार दिवसांनी पुन्हा तेच. एप्रिल लागल्यावर नवाच प्रकार: दुपारी मधल्या चार-पाच टाइल्स तंबूसारख्या वर येतात, पट्ट्या रुळावर चढतात आणि गेट लागत नाही. रात्री सगळं जागेवर. परवा बाबा त्या फुगवट्याला अडखळले. पडले नाहीत, पण "म्या म्हटलं होतं तुले, कोबाच बरा" हे तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ चालू आहे.

डबल टेप लावून पाहिली, आठवडाभर टिकली. हार्डवेअरवाल्याने दिलेलं सिलिकॉन टाइलवरून सालीसारखं सुटून आलं. आता सगळ्याच टाइल्स कायमच्या चिकटवून टाकू का? कोणता गोंद?

---

प्रतिसाद: ताई, चिकटवू नका! पॉलिप्रॉपिलीनला साधा गोंद धरतच नाही. डबे, बादल्या, बाटल्यांची झाकणं यांच्याच जातीचं प्लास्टिक. आणि समजा धरलाच, तर मे महिन्यात फुगवटा आणखी वाईट येईल.

---

प्रतिसाद: तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

आधी फुगणं. हे प्लास्टिक एका मीटरला, एका अंशाला साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर वाढतं. कोबा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. तुमची लांबी साडेपाच मीटर. जानेवारीच्या सकाळपेक्षा आता काळी टाइल ३० अंशांनी जास्त तापते असं धरा (उन्हात याहून जास्तच तापेल), म्हणजे १६ ते २५ मिलिमीटर वाढ. लॉकमधली ढील थोडी खाते. उरलेली जाणार कुठे? मागे भिंत, पुढे रूळ. म्हणून वर.

आता सरकणं. ब्रेक मारला की चाक टाइलला गाडीच्या दिशेने ढकलतं. गाडी आत घेताना ब्रेक लागतो तेव्हा टाइल मागच्या भिंतीकडे जाते. बाहेर काढताना चाक जोर लावतं तेव्हाही टाइल उलट्या दिशेला, म्हणजे पुन्हा भिंतीकडेच. गाडी उलटी लावली तरी हिशेब तोच. म्हणून फट नेहमी गेटपाशी दिसते. त्यात घोटलेल्या कोब्यावरची पूड, म्हणजे पायाखाली मोहऱ्या सांडल्यासारखं.

तेव्हा गेटची बाजू बांधा, भिंतीची बाजू सोडा. टाइल्स काढून कोबा धुवा, पूर्ण वाळू द्या. गेटकडची पहिली ओळ रुळापासून बोटभर आत घ्या आणि रॉवल प्लग घालून स्क्रूने कोब्याला धरा. फक्त मधल्या टाइलचा स्क्रू घट्ट. बाकीच्यांना भोक मोठं, वर वॉशर, स्क्रू जरा सैल. रुंदीतही सेंटिमीटरभर वाढ होते, तिला वाट हवी. मग मागची भिंत, बाजूच्या भिंती आणि कॉलम, सगळीकडून कापून घ्या. कॉलम विसरू नका, सगळी ओळ तिथेच अडकते. कापायचं दुपारी तीनला, टाइल्स तापलेल्या असताना. तेव्हा पाच-सहा मिलिमीटर फट ठेवली की झालं. थंडीत कापणार असाल तर मागे इंचभर लागेल.

---

प्रतिसाद: वरच्या सगळ्याला +१. ग्राइंडरने कापू नका, प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. हॅक्सॉ बरा. आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग पिळायची सवय सोडा, लॉक त्यानेच तुटतात. चाकं येतात तिथे टाइलखाली पातळ रबराच्या पट्ट्या घातल्या तर पकड वाढते. पट्ट्या उताराच्या दिशेनेच घाला, नाहीतर गाडी धुतल्यावर पाणी तुंबेल. चाकाचा स्टॉपर ठोकणार असाल तर टाइलला मोठी खाच करून थेट कोब्यावर ठोका, टाइल मध्ये दाबू नका.

---

धागाकर्ती: सर्वांचे आभार, विशेषतः गणित मांडणाऱ्या दादांचे. रविवारी केलं. मागच्या भिंतीपाशी सहा मिलिमीटर सोडले, कॉलमभोवती करंगळी जाईल इतके. टाइल्स उचलल्या तेव्हा खालून घमेलंभर पूड निघाली, आणि बाबांची दोन वर्षांपूर्वी हरवलेली किल्ली कोब्याच्या भेगेत सापडली. आज चौथा दिवस, काल ४४ अंश होते. फुगवटा नाही, गेट लागतंय. फट अजून तरी नाही, पण गाडी रोज चालतेय, महिनाभराने सांगेन.

आता बाबांची तक्रार अशी की त्यांच्या स्कूटरचं साइड स्टँड टाइलच्या जाळीत रुततं. आणि मागच्या फटीत झुरळं होणार म्हणतात. फट सिमेंटने बुजवायला निघाले होते, थोडक्यात अडवलं.

---

प्रतिसाद: स्टँडखाली प्लायचा वीतभर तुकडा ठेवा. फटीवर भिंतीला स्कर्टिंगसारखी पट्टी मारा, स्क्रू फक्त भिंतीत, खाली टाइल मोकळी फिरायला हवी. सिमेंटची पिशवी मात्र काकांच्या हाती लागू देऊ नका.