स्वसंदर्भ, आत्मसंदर्भ की सरळ 'आपलं'?

कृष्णाकाठ (सांगली)
बारावीच्या मानसशास्त्राची टिपणं मराठीत करतेय, 'सेल्फ-रेफरन्स इफेक्ट'पाशी अडले. १९७७ साली रॉजर्स, कायपर आणि कर्कर यांनी लोकांना स्वभाववाचक विशेषणं दाखवली. प्रत्येक शब्दाबद्दल एकच प्रश्न: अक्षरं मोठी आहेत का, अमक्याशी यमक जुळतं का, अर्थ अमक्यासारखा आहे का, किंवा हे तुम्हाला लागू पडतं का. मग काही न सांगता एकदम आठवायला लावलं. 'तुम्हाला लागू पडतं का' या प्रश्नातले शब्द सगळ्यात जास्त आठवले. मी 'स्वसंदर्भ परिणाम' लिहिलं. सहकारी सर म्हणाले, हे स्वतःच्याच लेखाचा संदर्भ तळटीपेत दिल्यासारखं वाटतं, 'आत्मसंदर्भ' करा. पण 'आत्म' म्हटलं की मुलं थेट प्रवचनात जाऊन बसतात. काय करावं?

मिरजेचे मास्तर
आत्मचरित्र, आत्मविश्वास, आत्मपरीक्षण. यांत प्रवचन कुठं आहे? 'आत्मसंदर्भ'च ठेवा. परिभाषा घडवायची तर एकाच मुशीतून घडवा, नाहीतर दर धड्याला नवा शब्द होतो.

पोवई नाका
मुलांना 'सेल्फ' कळतं की. तेच देवनागरीत लिहा आणि पुढं चला.

कृष्णाकाठ
आमच्या मुलांच्या तोंडी 'सेल्फ' म्हणजे गाडीचं बटण. 'सेल्फ लागंना, किक मार.' तो अर्थ इतका पक्का बसलाय की त्याच्यावर दुसरा बसवणं अवघड आहे.

हळदीचा सौदा
माझं लहानपण मार्केट यार्डात, अडतीच्या दुकानात गेलं. सौदा निघाला की एवढा गलका, शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही. पण त्यात कुणी आपलं नाव घेतलं की मान वळलीच. हाच तो परिणाम का? याला मराठीत काय म्हणतात?

कृष्णाकाठ
जवळचाच, पण वेगळा. तुमचा लक्षाचा, माझा स्मरणाचा. १९५३ साली चेरी यांनी दोन्ही कानांत वेगवेगळं बोलणं ऐकवून एकाच कानाकडं लक्ष द्यायला लावलं. दुसऱ्या कानातलं लोकांना जवळजवळ काहीच सांगता आलं नाही. १९५९ मध्ये मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं नाव घातलं, ते मात्र काहींना ऐकू आलं. इंग्रजीत याला 'कॉकटेल पार्टी' जोडतात. मराठीत ती पार्टी आणू नये. 'गलक्यातलं नाव' मला आवडेल.

पोवई नाका
ते साधारण तीनातल्या एकालाच ऐकू आलं होतं. म्हणून 'मान वळलीच' हे टिपणात लिहू नका.

माणदेशी
एवढं स्व आणि आत्म कशाला? आमच्या दहिवडीकडं माणूस स्वतःबद्दलच 'आपल्याला न्हाय पटलं' म्हणतो. 'आपलेपणाचा परिणाम' म्हणा.

मिरजेचे मास्तर
आपलेपणा म्हणजे जिव्हाळा, पाहुण्याला आग्रहानं वाढताना दिसतो तो. आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, 'आपण' म्हणजे आदरानं समोरचा, 'आपण' म्हणजे स्वतः. शास्त्राला असला निसरडा शब्द चालत नाही. बोली बोलीच्या जागी थोर आहे.

जुनी पेठ, सातारा
मास्तर, संस्कृत 'आत्मन्', प्राकृतात 'अप्पा', 'अप्पण', मराठीत 'आपण'. ज्याला तुम्ही बाहेर काढताय तो तुमच्या 'आत्म'चाच नातू आहे.

मिरजेचे मास्तर
व्युत्पत्ती मान्य. अर्थ व्युत्पत्तीवर ठरत नाही.

कृष्णाकाठ
पण तो निसरडेपणा मला महत्त्वाचा वाटायला लागलाय. स्वतःचा विचार करताना कपाळामागचा मेंदूचा मधला भाग जास्त कामाला लागतो, हे २००२ पासून मेंदूच्या चित्रणांत दिसत आलंय. २००७ मध्ये झू आणि सहकाऱ्यांनी चिनी आणि पाश्चात्त्य लोकांना स्वतःबद्दल आणि आईबद्दल विशेषणं विचारली. चिन्यांत आईच्या वेळीही तोच भाग पुढं आला, पाश्चात्त्यांत फक्त स्वतःच्या वेळी. म्हणजे 'स्व'ची हद्द एका कातडीपुरती असेलच असं नाही, आणि 'आपलं' हा शब्द ती हद्द मोकळी ठेवतो.
उलट २०१२ चा स्वी, ही आणि हम्फ्रीज यांचा प्रयोग बघा. त्रिकोण म्हणजे तुम्ही, चौकोन म्हणजे मित्र, अशा जोड्या लावून दिल्या, तर स्वतःला दिलेला आकार लोक झटकन ओळखतात. काल परवा चिकटवलेला त्रिकोणसुद्धा! तिथं मी 'स्व-अग्रक्रम' लिहिलंय.

हळदीचा सौदा
सांगलीत २०१९ च्या पुराचं कुणालाही विचारा. आयर्विन पुलाजवळची फुटातली पातळी फार थोडे सांगतील. 'आपल्या जिन्याची कितवी पायरी' ते मात्र प्रत्येकजण सांगतो, आणि तिथं 'आपल्या'त आख्खं घर असतं.

पोवई नाका
'जातीनं' कसं वाटतं? 'साहेबांनी जातीनं लक्ष घातलं' म्हणजे स्वतः घातलं.

माणदेशी
वर्गात 'जात' आणू नका. पोरं दुसराच अर्थ घेतील आणि त्यांचं चुकणार नाही.

जुनी पेठ, सातारा
ती जात वेगळी. ही अरबी 'जात', म्हणजे व्यक्ती, खुद्द आपण. मोल्सवर्थच्या कोशात बघा. जुन्या कागदांत राजे 'जातीनिशी' येतात.

मिरजेचे मास्तर
म्हणजे संस्कृत नको, अरबी चालेल!

जुनी पेठ, सातारा
चारशे वर्षं मराठीनं वापरलेला शब्द मराठीच आहे, मास्तर.

विट्याची सून
मला वेगळंच विचारायचंय. 'मी आपली गप्प बसले' यातला 'आपली' कोणता? तिथं स्वतःला पुढं करणं नाही, उलट मागं सारणं आहे. आणि माझ्या सासूबाई बाई असून 'मी आपलं म्हटलं' म्हणतात, 'आपली म्हटलं' कधीच नाही.

माणदेशी
'म्हटलं'ला कर्ता जुळत नाही म्हणून नपुंसक. 'बसले'ला जुळतो म्हणून 'आपली'.

विट्याची सून
मग 'मी आपलं निघाले' कसं? तेही म्हणतात त्या.

मिरजेचे मास्तर
ते क्रियाविशेषण. उगाच, सहज अशा अर्थाचं.

जुनी पेठ, सातारा
'सहज' नव्हे. 'सहज निघाले' आणि 'आपलं निघाले' यांत केवढा फरक आहे! दुसऱ्यात कुणालातरी टाळलंय.