मदत हवी आहे: गाण्यात तीन तालवाद्यं घातली तरी अंगावर काटा येत नाही

रंगपट_नाशिक
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तर हवंय. एकांकिकेसाठी गाणं केलंय आणि शेवटचा प्रवेश त्याच्यावरच उभा आहे. गाव धरणाखाली जाणार, सगळे ट्रकमध्ये सामान भरतायत आणि एक म्हातारी पहाटेपासून दळत बसलीय, उठतच नाही. तीन कडवी आहेत. चाल जमलीय, गाणारी मुलगी तर जीव ओतून गाते. घोडं अडलंय तालात. आधी नुसता तबला होता. मग ढोलकी घातली, मग ताशा. आवाज वाढला, पण तालमीत कुणी हललं नाही. नुसता आवाज ऐकला की घसा दाटतो, ताल सुरू झाला की सगळं कोरडं. आता कोणतं वाद्य घालू? डफ? पखवाज? रविवारी रेकॉर्डिंग द्यायचंय.

खर्ज_पंचम
ताल कोणता, लय किती, पट्टी कोणती, म्हणजे सा कोणत्या सुरावर? वाजवणारा माणूस आहे की लूप, म्हणजे तोच तुकडा पुन्हापुन्हा वाजणारी फाइल? एवढं कळल्याशिवाय वाद्य कसं सुचवणार?

रंगपट_नाशिक
साधा केरवा आहे हो. बाकी काही वेगळं नाही. मला फक्त वाद्याचं नाव हवंय.

वारीचा_मृदंग
पखवाज. डोळे मिटून पखवाज घ्या. डाव्या पुडीला ओली कणीक लावली की जो नाद सुटतो, तो पोटात जाऊन बसतो. तबल्यात बोटांचं काम जास्त, पखवाजात पंजाची खुली थाप. आमच्या दिंडीत अभंग ठायीत, म्हणजे संथ लयीत चालू असतो आणि गजराला मृदंग (आम्ही पखवाजालाच म्हणतो) दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत गेला की सत्तरीतली माणसं उड्या मारतात. शब्द तेच असतात. तुमच्या गाण्याला शेवटी तेच पाहिजे.

फडावरचा_ढोलकीवाला
माउली, मृदंगाबद्दल आदरच आहे. पण ही बाई जात्यावर बसलीय, कीर्तनात नाही. पखवाज वाजला की प्रेक्षकाला देऊळ दिसणार. प्रत्येक वाद्य आपला मुलूख घेऊन येतं. ढोलकी कडक लावून वाजवली की फड दिसतो, डफ-तुणतुणं आलं की शाहीर उभा राहतो, दिमडी वाजली की खंडोबाचा वाघ्या. आधी कुठलं चित्र हवंय ते ठरवा.

वारीचा_मृदंग
धृपद गायनालाही पखवाजच असतो, त्याला काय देऊळ लागतं का? नाना पानसे घराण्याचा पखवाज ऐका म्हणजे कळेल त्याची झेप.

माडाची_सावली
गोव्यातून लिहितेय. घुमट घ्या! मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं आणि दुसरं तोंड उघडं. त्या उघड्या तोंडावर हात कमी-जास्त झाकला की नाद अगदी माणसाच्या हुंकारासारखा वळतो. आमच्याकडे चवथीच्या आरत्यांना घुमट, शामेळ (हेही तालवाद्य) आणि कासाळें (झांजा) एकत्र वाजतात, घर थरारतं. आणि मांडो, म्हणजे आमचं कोकणी गीत, ऐकला असेल तर ठाऊक असेल, तो संथ आणि दुखरा असतो, त्यालाही घुमटच साथीला. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंय.

पिंपळपान
घुमटाला घोरपडीचं कातडं लागतं ना? ते बेकायदेशीर आहे. वन्यजीव कायदा १९७२, घोरपड संरक्षित आहे.

माडाची_सावली
आता बकरीचं कातडं लावतात. नवे घुमट तसेच मिळतात.

पिंपळपान
बकरीच्या कातड्याला तो नाद येत नाही असं जुने वादक म्हणतात. दिमडीचीही तीच गोष्ट.

फडावरचा_ढोलकीवाला
येतो. कातडं पातळ तासलेलं हवं आणि चढवणारा माणूस जाणता हवा. नादासाठी घोरपड मारणं मला तरी पटत नाही. पण हा विषय वेगळ्या धाग्यावर घेऊ, यांना रविवारी काम द्यायचंय.

आवाजघर
मी स्टुडिओत काम करतो. गायिकेसाठी कंडेन्सर माइक वापरा, पॉप फिल्टर लावा, खोलीत गाद्या उभ्या करा. आवाज स्वच्छ आला की गाणं आपोआप उठतं.

रंगपट_नाशिक
आवाज स्वच्छच आहे. गायिकेची अडचण नाही, तालाची आहे. कृपया मूळ प्रश्न वाचा.

खर्ज_पंचम
मूळ प्रश्न वाचूनच पुन्हा विचारतोय. माणूस की लूप? लय? पट्टी? गाण्यात कोणते स्वर लागतात?

रंगपट_नाशिक
लूप आहे, ॲपमधला. लय ११० ठेवलीय, मिनिटाला ११० मात्रा. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत चालतो. ढोलकी आणि ताशाही लूपच, एकावर एक ठेवलेत. मुलगी काळी ४ मध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गाते. तबल्याच्या फाइलवर पांढरी १ लिहिलंय. चाल भैरवीच्या अंगाची. याचा काय संबंध?

खर्ज_पंचम
सगळा संबंध इथेच आहे. काळी ४ ला सा धरला तर पांढरी १ हा तिचा शुद्ध गंधार होतो. भैरवीत गंधार कोमल. म्हणजे ती बिचारी कोमल गंधारावर जीव लावतेय आणि दाया (तबल्याचा उजवा) तालाच्या दर आवर्तनात, म्हणजे फेरीत, तिच्याखाली शुद्ध गंधार घुमवतोय. ऐकणाऱ्याला स्वरांची नावं कळत नाहीत, पण काहीतरी टोचतं आणि तो गाण्यातून बाहेर येतो. तुम्हीच लिहिलंय की नुसता आवाज ऐकला की घसा दाटतो. तबला गायकाच्या सा, म किंवा प ला मिळवतात ते याचसाठी. सोपा उपाय म्हणजे लूप अर्धा स्वर वर करा, काळी १ होईल. तो तिचा मध्यम, म्हणजे म. अर्ध्या स्वराने लूपचा पोत फारसा बिघडत नाही. चार-पाच स्वर ओढला तर डग्गा (तबल्याचा डावा) प्लास्टिकच्या बादलीसारखा वाजतो, ते करू नका.

निषाद_कोमल
पट्टीचं पटलं. पण इथे आता सगळे लूपला नावं ठेवतील म्हणून आधीच सांगतो, एकच ठेका शेवटपर्यंत चालवणं वाईट नाही. फ्रेंच संगीतकार रॅव्हेलचं १९२८ चं वाद्यवृंदाचं ‘बोलेरो’ बघा. स्नेअर ड्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच दोन मापांची आकृती वाजवतो. तरी शेवटी माणूस खुर्चीच्या टोकावर येतो.

फडावरचा_ढोलकीवाला
पण तिथे ड्रम जेमतेम ऐकू येईल इतका हळू सुरू होतो ना? आणि वाद्यवृंद थराथराने चढत जातो. यांच्याकडे पहिल्या शब्दालाच तिन्ही वाद्यं पूर्ण आवाजात. मग चढायला जागा कुठे उरली?

माझं म्हणणं थोडं सविस्तर लिहितो. केरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या चार भरीच्या, म्हणजे डग्ग्यासकट. पाचवीला ‘खाली’ ही रिकामी जागा येते, तिथे डग्गा मिटतो आणि नुसती चाट, म्हणजे दायाची कड, बोलते. जमीन काढून घेतल्यासारखं होतं आणि पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पाय टेकतो. दर आवर्तनात हे दोलन असतं, ऐकणाऱ्याचा श्वास त्याच्याबरोबर चालतो. तुमच्या तबल्याच्या लूपमध्येही खाली असणारच. पण वरून ढोलकी आणि ताशा त्या जागी भरभरून वाजत असणार. खाली बुजली. उरला नुसता गलका.

दुसरं म्हणजे ओवी. जात्यावर गाताना लय बाईच्या खांद्यातून येते. ओवीचा शेवटचा चरण आखूड असतो. तिथे ती दम घेते, जात्यात दाण्यांची वैरण घालते. ती जागा घड्याळाच्या काट्यावर येत नाही. पहिल्या कडव्याला कसलाच ताल देऊ नका. खऱ्या जात्याची घरघर रेकॉर्ड करा आणि मुलीला त्या घरघरीवर मोकळं गाऊ द्या. दुसऱ्या कडव्याला फक्त डग्गा. मनगट सरकवून घिस्सा काढला की डग्ग्याला मींड येते, माणूस कण्हल्यासारखी. लूपमध्ये हे मिळणार नाही, माणूस बसवा, नाशकात चिक्कार वादक आहेत. तिसऱ्या कडव्याला गाव उठतं. तिथे ताशा नको, हलगी घ्या. ताशा म्हणजे मिरवणूक. हलगी गावात दवंडीलाही वाजते, आनंदालाही आणि अंत्ययात्रेलाही, त्यामुळे ती ऐकताना माणसाला आधी कळत नाही काय येणार आहे. हलगीच्या आधी एक पूर्ण आवर्तन सगळं बंद.

वारीचा_मृदंग
तिसऱ्या कडव्याला हलगीऐवजी संबळ घाला. नऊवारीतली म्हातारी आणि संबळ, रंगमंच पेटेल.

फडावरचा_ढोलकीवाला
संबळ गोंधळाचं, देवीच्या जागरणाचं. उगाच पेटवायला वापरू नये असं माझं मत आहे.

वारीचा_मृदंग
गाव बुडतंय तर ग्रामदेवताही बुडतेय. तिचं वाद्य वाजणं उगाच कसं?

फडावरचा_ढोलकीवाला
हे मात्र खरं. गाण्यात देवीचा उल्लेख असेल तर मी विरोध मागे घेतो.

खर्ज_पंचम
लय ११० कुणी ठरवली? गायिकेला ताल बंद करून गाऊ द्या आणि तिची नैसर्गिक लय मोजा. माझा अंदाज, ती बरीच खाली निघेल.

पिंपळपान
जाता जाता विचारतो, माझ्या सात वर्षांच्या मुलाला तबला लावावा की आधी ढोलकी?

वारीचा_मृदंग
पखवाज.

रंगपट_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. लूप अर्धा स्वर वर केला. इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं, गायिका स्वतः म्हणाली की आता सूर धरायला आधार मिळतोय. तिची लय मोजली, ७६ च्या आसपास आहे. पहिल्या कडव्याचा ताल काढून टाकला. जातं सिन्नरच्या एका घरातून मिळालंय, उद्या त्याची घरघर घेतो. गाण्यात देवी आहे, तिसऱ्या कडव्यात म्हातारी तिलाच विचारते, ‘तुला कोण उचलणार?’ त्यामुळे संबळ आणि हलगी दोन्ही वाजवून बघणार आहे. दिग्दर्शक अजून ताशाच मागतोय, त्याला दोन्ही ऐकवतो. एक शेवटची शंका. संबळवाले गोंधळी काका यायला तयार आहेत, पण आमची खोली लहान आहे. माइक कुठे ठेवू?

आवाजघर
संबळाच्या तोंडाशी अजिबात नको, काठीचा खटका तेवढा येईल. खोलीचा दरवाजा उघडा ठेवा, काकांना दाराशी बसवा आणि माइक पाच-सहा फुटांवर, कमरेच्या उंचीला ठेवा. आधी सर्वांत जोराचा भाग वाजवायला सांगून पातळी लावा, मग सुरुवातीपासून घ्या. आणि मिश्रण फोनवर ऐकून ठरवू नका, डग्ग्याचा खालचा नाद फोनच्या स्पीकरवर येतच नाही. नाट्यगृहाच्या स्पीकरवर एकदा वाजवून बघा.

खर्ज_पंचम
आणि संबळ लावताना गायिकेला शेजारी उभी करा. मोठा नाद तिच्या सा किंवा म च्या जवळ आला तरी पुरे.