पल्प: सतरा वर्षांच्या रखडपट्टीने घडवलं, की त्यातूनही ते निभावले?

टेपवाला निषाद (धागाकर्ता)
जून २०२५ मध्ये पल्प या ब्रिटिश बँडचा 'मोअर' हा अल्बम आला आणि थेट यूके चार्टवर पहिला. त्याआधीचा त्यांचा स्टुडिओ अल्बम २००१ चा! तेव्हापासून आमच्या मित्रमंडळात जो वाद पेटलाय तो इथे आणतोय. माझं मत: ब्रिटपॉपच्या (नव्वदच्या दशकातली ब्रिटिश गिटार-बँडांची लाट) चौकडीत, म्हणजे ओॲसिस, ब्लर, स्वेड आणि पल्प, सगळ्यात टिकाऊ गाणी पल्पची. आणि ती टिकाऊ आहेत कारण यश त्यांना फार उशिरा मिळालं.

ज्यांना हा बँड फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी: १९७८, शेफील्ड. जार्विस कॉकर शाळेत असताना बँड काढतो. १९८१ मध्ये बीबीसी रेडिओच्या जॉन पीलला डेमो कॅसेट देतो आणि चक्क त्याच्या कार्यक्रमासाठी गाणी रेकॉर्ड करायला मिळतात. वाटतं, आता गाडी लागली मार्गाला. कसलं काय! १९८३ चा पहिला अल्बम कोणी विचारत नाही. १९८५ मध्ये हा गडी एका मुलीवर छाप पाडायला स्पायडरमॅनसारखा खिडकीबाहेर लोंबकळतो, खाली पडतो, हाडं मोडून घेतो आणि पुढचे काही कार्यक्रम व्हीलचेअरवर बसून करतो. १९८९ मध्ये रेकॉर्ड केलेला अल्बम कंपनी १९९२ पर्यंत दाबून ठेवते. मग १९९४ ला 'हिज एन हर्स' हा अल्बम, आणि मे १९९५ मध्ये 'कॉमन पीपल' हे गाणं, थेट दोन नंबरवर. कॉकर तेव्हा एकतीस वर्षांचा.

विशीत स्टार झालेला माणूस ते गाणं लिहूच शकला नसता. श्रीमंत घरातली मुलगी गंमत म्हणून गरिबांत राहायला येते, जमलं नाही तर वडिलांना एक फोन केला की सुटका. हे लिहायला स्वतः बरीच वर्षं फोन न करता आल्याचा अनुभव लागतो. बोला.

अर्धवट पंडित
निषादराव, ऐंशीच्या दशकातले ते अल्बम अलीकडे ऐकलेत का हो? मी ऐकले. १९८७ चा 'फ्रीक्स' एका बैठकीत संपवणाऱ्याला माझ्याकडून मिसळ. लोकांनी त्यांना दुर्लक्षिलं नाही, लोकांनी ऐकून नाकारलं, आणि बरोबर नाकारलं. अपयशाने माणूस घडतो हे यशस्वी माणसाच्या मुलाखतीतलं वाक्य. शेफील्डमध्ये त्याच काळात रखडलेले शेकडो बँड होते, ते काही घडले नाहीत. ते आज कुठे आहेत हे विचारायला कोणी जात नाही.

आणि नशीब म्हणाल तर १९९५ चा ग्लास्टनबरी संगीत महोत्सव बघा. मुख्य बँड होता स्टोन रोझेस. त्यांचा गिटारवाला जॉन स्क्वायर सायकलवरून पडला, कॉलरबोन मोडलं, म्हणून ऐनवेळी पल्पला बोलावलं. 'कॉमन पीपल'च्या आधी कॉकर गर्दीला सांगतो की माझ्यासारख्या लुकड्याला जमलं तर तुम्हालाही जमेल. हजारो लोक भारावले. अहो, दुसऱ्याचं हाड मोडलं म्हणून तुम्ही तिथे उभे आहात!

रेवा_यॉर्कशायर
पंडितजी, नशिबाचा मुद्दा अर्धाच पकडलात. मूळ प्रश्न वेगळा आहे: त्या सतरा वर्षांचं भाडं कोणी भरलं?

मी शेफील्डपासून फार लांब राहत नाही. इथल्या त्या पिढीतल्या कोणालाही विचारा. पोलाद कारखाने बंद पडत होते, शहरात बेकारी प्रचंड होती, पण डोल, म्हणजे बेकारभत्ता, मिळत होता. कॉकर त्यावर जगला. थॅचरबाईंच्याच सरकारची एक योजना होती, धंदा सुरू करणाऱ्या बेरोजगाराला आठवड्याला ४० पौंड. क्रिएशन रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढणाऱ्या ॲलन मगीनं ती घेतली होती. पुढे १९८८ मध्ये कॉकर लंडनला सेंट मार्टिन्स कॉलेजात फिल्म शिकायला गेला. तेव्हा विद्यापीठात फी नव्हती, वर खर्चाला अनुदान. 'कॉमन पीपल'मधली ती श्रीमंत ग्रीक मुलगी त्याला भेटली ती याच कॉलेजात! फी सुरू झाली १९९८ मध्ये, वर्षाला हजार पौंड. २०१२ मध्ये ती नऊ हजारांपर्यंत गेली. आजच्या शेफील्डमधला मुलगा त्या कॉलेजच्या कॅन्टीनपर्यंत कसा पोचणार?

अपयशाने घडवलं म्हणता, तर ते अपयश परवडणारं होतं हेही लिहा. पुण्यात प्रायोगिक नाटक करणारी मुलं पंचविशीला आयटीत का जातात? प्रतिभा आटते म्हणून नाही.

टेपवाला निषाद
रेवाताई, मुद्दा जबरदस्त, पण माझ्या विरोधात जात नाही. भत्ता हजारोंना मिळाला. 'कॉमन पीपल' एकाच बँडने केलं. आणि ते कसं घडलं बघा. कॉकरने जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक छोटा कॅसिओ कीबोर्ड घेतला, त्यावर अगदी साधी चाल वाजवली. बाकीच्यांना ऐकवली तर बेसवाला स्टीव्ह मॅकी हसला, म्हणाला हे एमर्सन, लेक अँड पामर या बँडच्या 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन'सारखं वाटतंय. कीबोर्डवाल्या कँडिडा डॉयलला मात्र ती चाल आवडली. पुढे गाण्यात ती चाल जवळजवळ बदलतच नाही. वेग तेवढा वाढत जातो, थरावर थर चढत जातात, आणि सुरुवातीला किस्सा सांगणारा आवाज शेवटी ओरडायला लागतो. हा संयम मुरलेल्या लोकांचा आहे.

बेसूर बाळ्या
कँडिडाचं नाव एका तरी प्रतिसादात आलं म्हणून +१. १९८४ पासून बँडमध्ये, लहान वयातच संधिवात जडलेला, आणि कीबोर्ड वाजवते. इथे चर्चा मात्र अखंड 'कॉकर, कॉकर'.

बाकी धागा वाचतोय. चालू द्या.

मंदार_जुनाट
धागाकर्त्याच्या सिद्धांताला मोठं भोक आहे. उशिरा यश, म्हणून चांगली गाणी? मग यश मिळाल्यावर गाणी पडायला हवी होती. झालं उलटं. पल्पचा सर्वोत्तम अल्बम 'डिफरंट क्लास' ('कॉमन पीपल' ज्यात आहे तो) नव्हेच, १९९८ चा 'धिस इज हार्डकोअर' आहे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्रिट ॲवॉर्ड्स या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात मायकल जॅक्सन गात असताना कॉकर स्टेजवर घुसला आणि त्याने प्रेक्षकांकडे पार्श्वभाग हलवून दाखवला (कपडे अंगावर होते, काळजी नसावी). पोलिसांनी ताब्यात घेतलं, तेव्हा मदतीला धावला विनोदी नट बॉब मॉर्टिमर, कारण तो मुळात वकील. पुढे गुन्हा काही दाखल झाला नाही, पण या माणसाचं रस्त्यावर फिरणं बंद झालं. जानेवारी १९९७ मध्ये गिटारवाला रसेल सीनियर बँड सोडून गेला. या सगळ्या घुसमटीतून 'हार्डकोअर' आला. हवीहवीशी प्रसिद्धी हातात आल्यावर ती किती ओशट लागते, हे त्या शीर्षकगीताइतकं कोणी सांगितलेलं नाही. तो खपला 'डिफरंट क्लास'पेक्षा खूप कमी. खपायलाच नको होता.

अर्धवट पंडित
मंदारशी पूर्ण असहमत. 'हार्डकोअर' म्हणजे हँगओव्हरची डायरी. दुसऱ्याच्या हँगओव्हरमध्ये मला रस नाही. 'डिफरंट क्लास'मध्ये तो लोकांकडे बघत होता, पुढे स्वतःकडेच बघत बसला.

टेपवाला निषाद
मंदार, 'हार्डकोअर' माझाही लाडका, पण तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. 'हेल्प द एज्ड' हे म्हातारपणावरचं गाणं १९९७ मध्ये चौतिशीतल्या माणसाने सिंगल म्हणून काढलं. प्रसिद्धी पंचविशीत मिळाली असती तर असलं भय सुचलं असतं?

रेवा_यॉर्कशायर
निषाद, तुमचा सिद्धांत सोयीचा आहे. चांगलं निघालं की उशिराचं श्रेय. २००१ चा 'वी लव्ह लाइफ' स्कॉट वॉकरसारख्या मोठ्या गायकाने प्रोड्यूस केला, मला तो फार आवडतो, पण चाललाच नाही. पुढच्या वर्षी बँड थांबला. त्याचं काय करायचं?

आणि 'मोअर' तर जेमतेम तीन आठवड्यांत रेकॉर्ड झाला. २०२३ मध्ये मॅकी गेला, अल्बम त्याला अर्पण केलाय. मला वाटतं, वेळ उरलेला नाही हे कळल्यावर केलेला तो अल्बम आहे. तुमच्या रखडपट्टीच्या नेमका उलट.

टेपवाला निषाद
तीन आठवडे स्टुडिओतले, ताई. 'मोअर'मधल्या 'गॉट टु हॅव लव्ह'ची मूळ चाल या शतकाच्या सुरुवातीची आहे, इतकी वर्षं ती पडून होती.

अर्धवट पंडित
मग तिचं श्रेय आळसाला द्या की राव, अपयशाला कशाला! आणि 'फ्रीक्स'वाल्या मिसळीला अजून कोणी पुढे आलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.