बक्षीसपत्रातील एक वाक्य

निवृत्तीनंतर राहते घर हयातीतच मुलांच्या नावे करून दिले की मन मोकळे होते आणि पुढचे वाद टळतात, हे मत मला अर्धेच पटते. महाराष्ट्रात असे घर मुलांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये असल्यामुळे हा मोह सहज होतो; परंतु मृत्युपत्र हवे तितक्या वेळा बदलता येते, तर नोंदवलेले बक्षीसपत्र केवळ मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केलेल्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, देखभाल करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट न पाळल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

माझ्या मामांना वकिलांनी बक्षीसपत्रात देखभालीच्या अटीचे हे एक वाक्य घालण्यास सुचवले होते. "पोटच्या मुलाला अटी घालू?" असे म्हणून त्यांनी ते खोडायला लावले. (खरी अडचण पैशाची नसून या संकोचाची असते.) त्यांचा मुलगा वाईट नाही, भांडणही झालेले नाही, पण कोणा पाहुण्याला दोन दिवस ठेवून घ्यायचे असले, तर मामा आता आधी मुलाला फोन करून विचारतात.